‘मागीर पळोवया’ म्हणणारांस

आमची मावशी हैदराबादेतील विद्यानगरात राहत असे. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारच्या या वसाहतीत एके काळी अंगणात तुळशीवृंदावन आणि दाराशी जास्वंद असलेली बैठी घरे होती. आज त्यांतील पुष्कळांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. अशाच एका इमारतीतील दोन खोल्यांची जागा मावशीने शिक्षिकेच्या पगारातून, एकेक हप्ता फेडून घेतली होती. तिला ऐन तारुण्यात वैधव्य आले होते, मूलबाळ नव्हते. शेवटची अकरा वर्षे आमची थोरली बहीण तिच्याजवळ राहिली. औषधपाणी, आंघोळ, रात्रीची जागरणे, सारे तिनेच केले. ही जागा पुढे ताईचीच, असे मावशी शेजारणींनाही सांगे. कागदावर मात्र तिने ते कधी सांगितले नाही. एकदा, केवळ एकदाच, आम्ही भीत भीत तो विषय काढला. देवापुढची वात सारखी करीत ती म्हणाली, ‘मागीर पळोवया.’ मग पाहू. खरे सांगावयाचे तर आम्हांलाही त्या उत्तराने हायसे वाटले. अवघड विषय टळला होता.

2016 साली मावशी गेली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे पंधरावे कलम आम्हांला तोंडपाठ होते. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी कळला. मूलबाळ आणि पती नसलेल्या हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल, तर तिने स्वकष्टाने मिळविलेली मालमत्ता प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईबापांचा क्रम त्यानंतरचा. भाचीचा तर त्याहूनही मागला. तीस वर्षांत जे या घराची पायरी चढले नव्हते, ते मावशीच्या पतीचे पुतणे रीतसर मालक ठरले. त्यांनी कायद्याबाहेरचे काही मागितले नाही, म्हणून त्यांना आम्ही दोष देत नाही. ताईने चार महिन्यांत जागा सोडली. जाताना तिने देव्हाऱ्यातली मूर्ती तेवढी मागून घेतली.

आम्ही धंद्याने वकील आहोत. परक्यांची मृत्युपत्रे लिहून देणाऱ्या आम्हांस स्वतःच्या मावशीपुढे कागद ठेवण्याचे धैर्य झाले नाही. या अपराधात आमचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे प्रथम कबूल करूनच पुढील फिर्याद आम्ही मांडीत आहोत. ती फिर्याद आपल्या समाजातील एका सवयीविरुद्ध आहे. त्या सवयीला आपण कधी श्रद्धा म्हणतो, कधी विश्वास म्हणतो, कधी कुलीनता म्हणतो. आमच्या मते तिचे खरे नाव टाळाटाळ हेच आहे. आणि त्या टाळाटाळीची किंमत टाळणारा देत नाही. ज्याने त्याची सेवा केली तोच ती देतो.

मावशीची गोष्ट एकटीदुकटी समजू नये. नारायणी देवी नावाच्या स्त्रीचा 1955 साली विवाह झाला. तीन महिन्यांतच पती गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा साठविला आणि 1996 साली मृत्युपत्राविना वारली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो याच पंधराव्या कलमाला धरून : तिची मिळकत तिला हाकलून देणाऱ्या सासरच्या वारसांची. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असा त्या निकालाचा भावार्थ होता. पुढे 2025 च्या नोव्हेंबरात, याच कलमावरील सुनावणीत, सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना आपली मृत्युपत्रे करून ठेवण्याचे आवाहन केले. देशाचे सर्वोच्च न्यायपीठ ज्याविषयी कळकळीने बोलते, त्याविषयी आपल्या घरात चकार शब्द निघू नये, याला काय म्हणावे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, मरणाची भाषा अशुभ. देवळात प्रसादाच्या पंक्तीत हा विषय काढला की कोणीतरी ‘शिव शिव’ म्हणतो आणि दुसरा वाढप्याला हाक मारतो. परंतु त्याच गृहस्थाच्या कपाटात शाश्वत पूजेची पावती असते. आपल्या पश्चात दरवर्षी अमुक तिथीला, अमुक गोत्राच्या, अमुक नावाने देवाला अभिषेक व्हावा, म्हणून त्याने रक्कम भरलेली असते. तिथी चुकू नये म्हणून दोनदा तपासून घेतलेली असते. ती पावती म्हणजे मरणोत्तर व्यवस्थेचा लेखच नव्हे काय? देवाचा अभिषेक चुकू नये म्हणून लेखी तजवीज करणे शुभ, आणि पत्नीच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ नये म्हणून लेखी तजवीज करणे अशुभ, हा न्याय आम्हांला तरी कोणत्या धर्मग्रंथात आढळलेला नाही. देवाला आपल्या पावतीची वाट पाहावी लागत नाही. विधवेला बँकेच्या दारात मात्र वाट पाहावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक विद्वान लोकांचा. मृत्युपत्र हा इंग्रजी अमलातला प्रकार, आपल्या धर्मशास्त्राला तो ठाऊक नाही, असे ते म्हणतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे. हिंदूंच्या मृत्युपत्रांविषयीचा पहिला कायदा 1870 सालचा. आणि 1 जानेवारी 1927 पासून हिंदूचे मृत्युपत्र लेखी आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले असावे, असा नियम सर्वत्र लागू झाला. परंतु शास्त्राला मृत्युपत्राची गरज का पडली नाही, याचाही विचार करावयास हवा. आपल्या दायविभागाचा आधारग्रंथ जो मिताक्षरा, तो विज्ञानेश्वराने कल्याणीस लिहिला. आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण ते हेच, आणि 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्यातच होते. त्या ग्रंथातले घर एकत्र कुटुंबाचे घर आहे. म्हातारपणी आंधळ्या चुलत्याला भरविणारे हात त्या घरात होते, म्हणून कागदाची आवश्यकता नव्हती. बापाने जिवंतपणी करावयाच्या विभागणीचा विचार मात्र त्यातही आहे. आज विद्यानगरातल्या घरात दोन वृद्ध जीव राहतात. एक मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळूरला. एकत्र कुटुंबाचे छप्पर आपणच उतरविले. त्या छपराखालचा निष्काळजीपणा तेवढा जपून ठेवला!

आणि शास्त्राचाच दाखला हवा असेल, तर आपल्या मठांकडे पाहावे. ज्यांनी सर्वसंगपरित्याग केला, ते यती आपल्या पश्चात पीठाची व्यवस्था काय, याचा विचार हयातीतच करतात. गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठात 2017 साली शिष्यस्वीकार झाला. 2021 साली श्रीमद् विद्याधिराज तीर्थ स्वामींची महासमाधी झाली, तेव्हा पीठ क्षणभरही निराधार राहिले नाही. त्या सोहळ्याला आपल्यापैकी किती जण भक्तिभावाने गेले होते! संन्याशाने जे करावे ते गृहस्थाने करू नये, असे तेथून परतताना त्यांना कोणी शिकविले?

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका : ‘आमच्या घरात भांडणे होणार नाहीत, आमचा शब्द पुरे आहे.’ हैदराबादकरांनी तरी हे वाक्य उच्चारताना थोडे थांबावे. 1948 च्या सप्टेंबरात निजामाच्या दहा लाख पौंडांहून अधिक रकमेचा भरणा लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या हायकमिशनरांच्या खात्यात झाला. ती रक्कम नेमकी कोणासाठी सांभाळावयाची, याचा निःसंदिग्ध लेख नव्हता. निजाम 1967 साली निवर्तला. निकाल लागला तो 2019 च्या ऑक्टोबरात, एकाहत्तर वर्षांनी, आणि तोपर्यंत रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. ज्याने आपल्या संततीसाठी अनेक विश्वस्तनिधी स्थापले, ज्याच्या पदरी कायदेपंडितांचा ताफा होता, त्याच्या एका संदिग्ध व्यवहाराची ही कथा. आपली मिळकत त्याहून लहान आहे हे खरे. पण ज्याचे एकच घर आहे, त्याला एकाहत्तर वर्षे थांबणे अधिक परवडते काय?

चौथा आक्षेप घेणारे स्वतःला व्यवहारी समजतात. ‘सगळीकडे नॉमिनी लावून ठेवला आहे,’ असे ते समाधानाने सांगतात. मावशीनेही बँकेत ताईचे नाव नॉमिनी म्हणून लावले होते. वाचकांच्या भिंतीवर ज्यांचे ‘कालनिर्णय’ लटकत असते, त्या जयंत साळगावकरांच्या पश्चात म्युच्युअल फंडांतील रकमेवरून जो वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नामनिर्देशित व्यक्तींनी रक्कम आपलीच, असा दावा केला होता. 2023 च्या डिसेंबरात न्यायालयाने स्पष्ट केले की, नॉमिनी हा मालक होत नाही. रक्कम हाती घेऊन ती खऱ्या वारसांपर्यंत पोहोचविणे एवढेच त्याचे काम. वारस कोण, ते मृत्युपत्र ठरविते. ते नसेल तर उत्तराधिकाराचा कायदा. नॉमिनी जरूर लावावा, परंतु मृत्युपत्रातील नावाशी तो जुळवून लावावा.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. मृत्युपत्राचा आग्रह म्हणजे मुलींना वगळण्याचा परवाना नव्हे. आपल्या या प्रांताने, म्हणजे तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने, 1986 सालीच कायदा करून वडिलोपार्जित मिळकतीत अविवाहित मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायाद केले. 2005 साली तो हक्क देशभर सर्व मुलींना मिळाला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे निःसंशय सांगितले. बापाला मृत्युपत्राने देता येतो तो स्वतःचा हिस्सा, मुलीचा नव्हे. गोव्यात ज्यांची घरेदारे आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : तेथला उत्तराधिकाराचा कायदा निराळा आहे, 2012 साली केलेला आणि 2016 च्या अखेरीस अमलात आलेला. त्याच्या कक्षेत येणाऱ्या गृहस्थाला मुले असतील तर त्याने मृत्युपत्राने द्यावयाचा भाग निम्माच. उरलेला निम्मा त्या सक्तीच्या वारसांचा. तेव्हा आपल्याला कोणता कायदा लागू आहे, हे तेथल्याच जाणत्या वकिलाला विचारून मग लेखणी उचलावी.

टाळाटाळीच्या नेमकी उलट अशी दुसरी चूक आपल्याकडे होते, आणि ती अधिक घातक आहे. मुलाचे प्रेम उतू जाते, नातू मांडीवर बसतो, आणि आजोबा राहते घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून मोकळे होतात. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येते. बक्षीसपत्र लिहून दिले की घर त्याच दिवशी दुसऱ्याचे झाले. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने त्यावर एक उतारा ठेवला आहे : ज्येष्ठ नागरिकाने देखभालीच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने देखभाल केली नाही, तर ते हस्तांतर न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. परंतु अट कोठे आहे, हा प्रश्न उरतोच. 2022 साली एका आईचा दावा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, कारण तशी अट होती हे दिसून आले नाही. 2025 च्या जानेवारीत मध्य प्रदेशातील दुसऱ्या एका आईला, ऊर्मिला दीक्षित यांना, घर परत मिळाले. देखभालीचे मुलाचे वचन कागदावर होते, म्हणून. दोघीही आयाच. फरक पडला तो एका लेखी वाक्याने. त्या वाक्याचीही कसोटी पाहणाऱ्या न्यायालयाच्या पायऱ्या या वयात चढावयाच्या नसतील, तर साधा नियम पाळावा : राहते घर हयातीत कोणालाही देऊ नये. मृत्युपत्रात आधी पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क लिहावा आणि मग पुढचे वारस नेमावेत.

आतापर्यंत मरणानंतरचे बोललो. त्याआधीचा काळ अधिक कठीण असतो. स्मृती क्षीण होते, सही थरथरते, माणूस असतो पण त्याचा निर्णय नसतो. ‘मुलाला कुलमुखत्यारपत्र दिले आहे’ असे सांगणारे वृद्ध आम्हांला नित्य भेटतात. त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते की, 1872 च्या करार कायद्याप्रमाणे लिहून देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली की ते मुखत्यारपत्रही संपते. ज्या दिवसासाठी छत्री घेतली, त्याच दिवशी ती मिटते! मग पित्याच्याच पैशातून त्याच्या शुश्रूषेचा खर्च करण्यासाठी मुलाला न्यायालयाकडे पालक नेमून मागावा लागतो. म्हणून बुद्धी शाबूत आहे तोवर खर्चाची खाती पतिपत्नीच्या किंवा विश्वासू अपत्याच्या संयुक्त नावे करावीत. दोघांपैकी कोणालाही अथवा मागे राहील त्याला व्यवहार करता येईल, अशी नोंद बँकेत करून घ्यावी. आणि कोणाच्या हाती शुश्रूषा सोपवावयाची, तिला मोबदला काय, हेही लिहून ठेवावे. सेवा करणाऱ्या मुलीला, सुनेला वा भाचीला ‘तिचे काय, ती घरचीच’ म्हणून विसरणे हे आपल्या कुलीनतेचे लक्षण असेल, तर त्या कुलीनतेला आम्ही नमस्कार करतो.

आणि उपचारांविषयी? अरुणा शानभाग ही परिचारिका उत्तर कन्नडातील हळदीपूरची. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे त्याच किनाऱ्यावर आहेत. 1973 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तिच्यावर अमानुष हल्ला झाला आणि 2015 च्या मे महिन्यात ती वारली. मधली सुमारे बेचाळीस वर्षे तेथल्या परिचारिकांनी एकीमागून एक पिढी तिची शुश्रूषा केली. तिला नमस्कार करावा, तो त्यांच्यासह. 2011 साली तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि नामंजूर झाला. तिची इच्छा काय, हे सांगणारा तिचा एक शब्दही उपलब्ध नव्हता. मग ज्यांनी तिला सांभाळले त्यांचाच शब्द न्यायालयाने मानला. पंचविशीतल्या मुलीने असा शब्द लिहून ठेवावा, ही अपेक्षाही क्रूर होय. सत्तरी ओलांडलेल्या आपणांस मात्र ती सबब नाही. 2018 साली घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय निर्देशास मान्यता दिली. 2023 साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी, एवढ्याने तो लेख पुरा होतो. सुधारण्याची आशा नसताना यंत्रावर ठेवावे की नाही, आणि तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात लिहिता येते. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा निर्देश करून गोव्यात पायंडा पाडला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाला ‘तुम्हीच ठरवा’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्याच्या अंतःकरणात जे होते, ते आम्ही मित्रांच्या बाबतीत पाहिले आहे. हा भार त्याच्यावर न टाकणे ही बापाची शेवटची माया होय.

शेवटची विनंती देवळांच्या विश्वस्तांस, आणि ती थोडी कटू आहे. वर्षातून एक रविवार मंडपात याच कामासाठी राखून ठेवावा. जाणते वकील, एखादा डॉक्टर आणि नोटरी बोलवावेत. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणीची सक्ती नाही, तरी ती करावी हे उत्तम. दोन साक्षीदार हवेत, शक्यतो वयाने लहान आणि ज्यांना त्यातून काही मिळावयाचे नाही असे. परंतु त्या दिवशी दानपेटी आत ठेवावी. ‘थोडे देवाच्या नावेही लिहा’ हा शब्द कोणाही विश्वस्ताने उच्चारू नये. ज्याला लाभ, त्यानेच मृत्युपत्र घडविण्यात पुढाकार घेतला, तर संशयाचे निरसन करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 सालीच एका प्रसिद्ध निकालात सांगून ठेवले आहे. देवाला अशा संशयाच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

आमच्या हातून जे मावशीसाठी झाले नाही, ते आम्ही स्वतःसाठी केले आहे. आमचे मृत्युपत्र लिहून, नोंदवून ठेवले आहे. ताईच्या राहण्याची सोय त्यातल्या पहिल्याच कलमात आहे. ते तिला वाचून दाखविले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, ‘देव बरें करूं.’ वाचकहो, हा अंक खाली ठेवल्यावर घरातल्या ज्या माणसाच्या आधारावर आपले म्हातारपण उभे आहे, त्याचे नाव एका कोऱ्या कागदावर लिहावे. पुढचे शब्द आपोआप सुचतील. ‘मागीर पळोवया’ एवढे मात्र त्या कागदावर लिहू नये.